वेळापत्रकातलं पाचवं कारण

तांत्रिक परिषद भरवायची म्हटली की कामांची यादी ठरलेली असते. सभागृहाचं आरक्षण, परदेशी वक्त्यांचे व्हिसा, कुठलाही लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडता येईल असे अडॅप्टर, आडनावांच्या क्रमानं लावलेले बिल्ले आणि पहिल्या रांगेत बसून ‘पाच मिनिटं’, ‘दोन मिनिटं’, ‘थांबा’ असे फलक दाखवणारा स्वयंसेवक. एवढं सगळं चोख झालं, तरी परिषद रंगली किंवा फसली तर ते नेमकं कोणाच्या खात्यावर मांडायचं?

गीतेच्या अठराव्या अध्यायात कुठलंही काम तडीस जायला पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधनं, नाना तऱ्हेच्या खटपटी आणि दैव. सभागृह, संयोजक, प्रोजेक्टर, धावपळ ही पहिली चार संयोजकांच्या एक्सेलमध्ये सापडतात. पाचव्याला रकानाच नसतो. आपण एकटेच कर्ते, असं मानणाऱ्याला खरं काही दिसत नाही, हेही तिथेच पुढे बजावलं आहे.

बार्सिलोनाची मोबाइल वर्ल्ड काँग्रेस 2020 साली 24 फेब्रुवारीला सुरू व्हायची होती. लाखभर माणसं येणार होती. करोनाच्या धास्तीनं एकेक बडी कंपनी अंग काढून घेऊ लागली आणि 12 फेब्रुवारीला परिषद रद्द झाली. आखणीत खोट नव्हती. पाचवं कारण आडवं आलं.

मग आखणीच कशाला, असा प्रश्न हॅरिसन ओवेन यांनाही पडला होता. या अमेरिकी गृहस्थांनी 1983 साली वर्षभर राबून एक आंतरराष्ट्रीय परिषद भरवली आणि शेवटी ध्यानात आलं, की लोकांना सगळ्यात आवडली ती मधली कॉफीची सुट्टी! पुढे 1985 पासून त्यांनी ‘ओपन स्पेस’ची रीत पाडली. आधी ठरवलेले विषय नाहीत. जमलेल्यांनी कागदावर विषय लिहून भिंतीवर चिकटवायचा आणि जिथे मन रमत नाही तिथून खुशाल उठून जायचं. बारकॅम्पसारख्या तंत्रज्ञांच्या मेळाव्यांत हीच मोकळीक दिसते. जे घडलं तेच घडू शकत होतं, हे ओवेन यांचं एक सूत्र. ऐकायला झकास, पण ते पाहुण्याला परवडतं. कॉफीच आली नाही तर संयोजकाला हे सूत्र सांगून सुटता येत नाही.

ब्रसेल्सच्या फॉसडेमनं यातून शहाणी वाट काढली आहे. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचा हा मेळावा विद्यापीठाच्या आवारात भरतो. प्रवेश फुकट आणि नोंदणीच नाही, त्यामुळे किती माणसं येतील हे संयोजकांना आधी कळण्याची सोय नाही. म्हणून खोली भरली की दारावर तसा कागद लागतो, आत कोणाला सोडत नाहीत. बाहेर राहिलेल्यांसाठी व्याख्यानाचं थेट प्रक्षेपण असतं. गर्दी किती, हे दैवावर सोडलं. गर्दी झाली तर काय, हे नाही.

‘गीतारहस्य’ 1915 साली प्रसिद्ध झालं, तेव्हा टिळकांनी गीतेचा रोख संन्यासावर नसून कर्मयोगावर आहे, असं ठासून मांडलं. फळाची आसक्ती सोडायची, काम नाही. त्या वाचनात ढिलाईला सवलत मिळत नाही. दैव यादीत आहे खरं, पण चार कामं उरकल्यावर. तेव्हा पुढच्या परिषदेची आखणी करणाऱ्यांनी रोजच्या वेळापत्रकात एक तास मोकळा ठेवावा, आणि अडॅप्टर मात्र दोन जास्तीचे घ्यावेत.