शेवाळ धातू खात नाही

मागच्या महिन्यात एका औद्योगिक प्रदर्शनात हिरव्या पाण्याची काचेची टाकी मांडलेली होती. वर फलक: 'नीलहरित शेवाळ जड धातू खाऊन टाकते.' शेजारी उभा असलेला प्लेटिंगचा छोटा कारखानदार आशेने टाकीकडे बघत होता. त्याची कोणीतरी फसवणूक करतंय असं वाटून मला राहवेना. शिसं, कॅडमियम ही मूलद्रव्यं. कुणी खाल्ली म्हणून ती संपत नाहीत.

हे 'खाणं' मुळात सांडपाण्याच्या तळ्यातलं. ऑस्वाल्ड आणि गोटास यांनी 1957 मध्ये शेवाळ आणि जिवाणूंची जोडी मांडली: शेवाळ प्राणवायू देतं, जिवाणू मैला फोडतात. तिथे शब्द चपखल होता. तो पुढे धातूंनाही चिकटला.

मग मॅकगिल विद्यापीठात व्होलेस्की आणि इतरत्र अनेकांनी दाखवलं की वाळवलेली, मेलेली शेवाळंही धातू पकडतात. कित्येकदा जिवंतांहून जास्त. बहुतेकांनी यातून एवढंच घेतलं की आता शेवाळाला जगवायची कटकट नाही. माझ्या मते इथे मूळ कल्पनाच उलटली. पकडण्याचं श्रेय जिवाचं नव्हतं, पृष्ठभागाचं होतं. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर नॉस्टॉक या नीलहरित शेवाळाचा गोळा सापडला तर चिमटीत धरून बघा. बोटांतून निसटणारं ते बुळबुळीत वेष्टण शर्करांच्या लांब साखळ्यांचं असतं आणि त्यांवर कार्बोक्सिल गटांचा ऋण भार असतो. तिथे बसलेलं कॅल्शियम सुटतं, शिसं त्याची जागा घेतं. पाणी मृदू करणाऱ्या रेझिनचं काम असंच चालतं.

एकदा हे पटलं की पुढचं टाळता येत नाही. प्लेटिंगच्या पाण्यातलं क्रोमेट स्वतःच ऋणभारित, त्यामुळे साध्या सामूवर ते या पृष्ठभागाला फारसं चिकटत नाही. चिकटलेलं शिसं सौम्य आम्लात धुतलं की परत सुटतं. सिनेकोकॉकस हा नीलहरित शेवाळाचा प्रकार जिवंत असताना मेटॅलोथायोनिन नावाच्या प्रथिनात जस्त आणि कॅडमियम बांधून ठेवतो हे खरं. पण पेशी फुटली की तेही बाहेर. समजा, हजार लिटर पाण्यात लिटरमागे 10 मिलिग्रॅम शिसं आहे आणि वाळवलेल्या शेवाळाची एक ग्रॅम पूड 100 मिलिग्रॅम धरते. पाणी स्वच्छ होईल, पण हातात 100 ग्रॅम पूड उरेल आणि तिच्यात ते सगळं 10 ग्रॅम शिसं असेल. आम्लाने धुऊन धातू परत मिळवायचा, नाहीतर धोकादायक कचरा म्हणून नियमाने विल्हेवाट लावायची. खर्च इथे आहे, आणि फलकावर नेमकं हेच नव्हतं.

मी टाकी मांडणाऱ्याला विचारलं, "वापरून झालेल्या शेवाळाचं काय करता?"

"शेतात टाकायचं. भाताला नीलहरित शेवाळ खत म्हणून देतातच की!"

जपानमध्ये जिंझू नदीकाठच्या भातखाचरांत खाणीतलं कॅडमियम उतरलं, तिथून भातात आणि भातातून माणसांच्या हाडांत. त्या दुखण्याला लोकांनी नाव दिलं 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. सरकारने कारण मान्य केलं ते 1968 मध्ये.