सामान्य दिसण्याचे श्रम

स्वमग्नता हा मेंदूच्या जडणघडणीतलाच वेगळेपणा आहे; तो जन्मापासून असतो आणि आयुष्यभर राहतो. तरीही ती लहान मुलांची गोष्ट मानली जाते. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ज्या अकरा जणांचे वर्णन केले ती सगळी मुले होती, आणि पुढे निदान, शाळा, उपचार यांची मांडणीही मुलांभोवतीच झाली. त्यामुळे आज तिशी-चाळिशीत असलेल्या, शिकून नोकरीला लागलेल्या अनेकांच्या वाट्याला बालपणी निदान आलेच नाही. विशेषणे मात्र भरपूर आली: घुम्या, हट्टी, तिरसट, एककल्ली. मुलींच्या बाबतीत 'शांत, गुणी पोर' एवढ्यावरच प्रकरण मिटे. यांतले कितीतरी जण चिंता किंवा नैराश्यासाठी डॉक्टरांकडे जातात आणि तिथे मुळाचा पत्ता लागतो. काहींना तो स्वतःच्या मुलाचे निदान होताना लागतो.

रोजच्या जगण्यातला पहिला ताण इंद्रियांचा. ट्यूबलाइटची घरघर, शेजारच्या टेबलावर वाजणारा फोन, कुकरची शिट्टी, शर्टाच्या कॉलरला आतून टोचणारे लेबल हे सगळे इतरांचा मेंदू थोड्या वेळाने बाजूला सारतो. स्वमग्न व्यक्तीचा अनेकदा सारत नाही. गर्दीच्या लोकलमधून उतरेपर्यंतच दिवसाची बरीच ताकद खर्च झालेली असते. काहींच्या बाबतीत शरीराच्या आतल्या खुणा उशिरा पोहोचतात. दुपारचे जेवण राहिले, हे संध्याकाळी हात थरथरू लागल्यावर ध्यानात येते.

दुसरा ताण न बोललेल्या गोष्टींचा. आपला व्यवहार बराचसा आडून बोलण्यावर चालतो. 'या की कधीतरी घरी' हे निमंत्रण असतेच असे नाही, 'बघू' म्हणजे बहुधा नाही, आणि साहेबांचे 'जरा बघून घ्या' हे आजचे काम की पुढच्या आठवड्याचे, हे ज्याचे त्याने ओळखायचे असते. शब्दाला शब्द धरणारा माणूस इथे भोळसट तरी ठरतो, नाहीतर उद्धट. ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन स्वतः स्वमग्न आहेत. हा गैरसमज दोन्हीकडून होतो, स्वमग्न नसलेल्यांनाही स्वमग्न व्यक्तीचे मन वाचता येत नाही, असे त्यांनी २०१२ मध्ये मांडले. जुळवून घेण्याचे काम मात्र एकाच बाजूच्या गळ्यात पडते.

त्यातून मुखवटा घडत जातो. समोरच्याच्या भुवयांमध्ये पाहायचे, म्हणजे डोळ्यांत पाहिल्यासारखे दिसते. इतर हसले की हसायचे. फोन करण्यापूर्वी वाक्ये कागदावर लिहून काढायची. हात हलवावेसे वाटले की खिशात मूठ आवळायची. हे दिवसभर जमले की 'तुमच्याकडे बघून वाटत नाही हो' अशी दाद मिळते, आणि मदत मागण्याची वाट तिथेच बंद होते. याची किंमत जबर आहे. ब्रिटनमध्ये प्रौढपणी अस्पर्गर सिंड्रोमचे, म्हणजे स्वमग्नतेच्याच एका प्रकाराचे, निदान झालेल्या ३७४ जणांच्या पाहणीत ६६ टक्के लोकांनी आयुष्यात कधीतरी आत्महत्येचा विचार मनात आल्याचे सांगितले. ही पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. मुखवट्याचा अशा विचारांशी संबंध नंतरच्या संशोधनात दिसला.

मुखवट्याची फारशी गरज न पडलेले आयुष्यही नोंदलेले आहे. कॅनर यांच्या लेखातले पहिले मूल, डोनाल्ड ट्रिपलेट, मिसिसिपीतल्या फॉरेस्ट या लहान गावी बँकेत नोकरी करून, गोल्फ खेळून, एकट्याने परदेश हिंडून ८९ व्या वर्षी, २०२३ मध्ये वारले. ओळखीच्या माणसांना आकडे देण्याची त्यांची सवय गावाने कौतुकाने चालवून घेतली. घरची सुबत्ता होती, हेही खरे.

मुखवटा सांभाळण्याच्या वर्षानुवर्षांच्या ताणानंतर मात्र काहींची गाडी एकदम बंद पडते. आंघोळ, स्वयंपाक, बोलणे अशी जमणारी कामेही जमेनाशी होतात, आवाज पूर्वीपेक्षा जास्त टोचू लागतात. वरून हे नैराश्यासारखे दिसते, आणि घोळ इथेच होतो. नैराश्यात 'बाहेर पडा, माणसांत मिसळा' हा सल्ला उपयोगी ठरतो. या थकव्यात तोच सल्ला दुखणे वाढवू शकतो. इथे विश्रांती, एकांत आणि अपेक्षांची कपात लागते. दोन्ही एकत्रही असू शकतात, म्हणून निदान घाईने करण्यासारखे नाही. स्वमग्नतेवर औषध नाही. सोबतच्या चिंता, नैराश्य, निद्रानाशावर आहे. समुपदेशनातही 'कसं वाटतंय?' हा प्रश्न बऱ्याच जणांना अडवतो, कारण स्वतःच्या भावनेला नाव देणेच अवघड जाते. झोप किती झाली, छाती कधी धडधडली, कुठली भेट टाळली, असे ठोस प्रश्न विचारले की बोलणे पुढे सरकते.

भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे. सरकारी आस्थापनांवर वाजवी सोयी देण्याचे बंधन आहे, खासगी आस्थापनांना समान संधीचे धोरण जाहीर करावे लागते. आरक्षणासाठी मात्र किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो, आणि कार्यालयात निदान सांगितले तर बढती अडेल ही भीती अनाठायी म्हणता येत नाही. म्हणून अनेक जण निदानाचा उच्चार न करता एवढेच मागून घेतात: काम तोंडी न सांगता लेखी द्यावे, टेबल भिंतीकडे असावे, कानांवर हेडफोन चालावा आणि बैठकीची वेळ आदल्या दिवशी कळावी.