भाला नाही, पण साक्ष आहे



मीरा रोडहून विरार लोकल पकडली, भाईंदरची खाडी ओलांडली, की तिसरे स्टेशन वसई रोड. याच वसईच्या मातीत सोळाव्या शतकात संत गोन्सालो गार्सिया जन्मले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे त्यांना क्रूसावर बांधून भाल्यांनी भोसकण्यात आले. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद बहाल केले. दर फेब्रुवारीत आपण त्यांचा सण साजरा करतो. पण मनात एक प्रश्न राहतोच: आज शांती नगरात आपल्यावर कोणी भाला रोखलेला नाही, मग रक्तसाक्षी संताकडून आपण नेमके काय घ्यायचे?

गोन्सालो धर्मगुरू नव्हते. येशूसंघीयांसोबत त्यांनी जपानमध्ये धर्मशिक्षकाचे काम केले, परंतु त्या संघात त्यांना प्रवेश मिळाला नाही. पुढे व्यापारात जम बसला, तरी तो सोडून मनिला येथे ते फ्रान्सिस्कन बंधू झाले. जपानी भाषा उत्तम येत असल्यामुळे १५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर दुभाषी म्हणून ते पुन्हा जपानला गेले. म्हणजे शब्द दुसऱ्यांचे, जीभ यांची! संकट आल्यावर 'मी फक्त भाषांतर केले' असे म्हणण्याचा मोह कोणालाही झाला असता. गोन्सालो मात्र आपल्या सोबत्यांबरोबर राहिले. डाव्या कानाचा तुकडा कापला गेला, भर थंडीत जवळजवळ महिनाभर नागासाकीपर्यंत धिंड निघाली, तरी ते मागे फिरले नाहीत.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. रक्तसाक्षी मरण शोधत नाही. तो सत्याची साथ सोडत नाही, एवढेच. मरणाची घडी दुसरे ठरवतात, साक्ष मात्र त्याची स्वतःची असते.

आपली साक्ष कुठे लागते? सोसायटीच्या मीटिंगमध्ये गरीब वॉचमनवर चोरीचा आळ येतो. तो निर्दोष आहे हे आपल्याला ठाऊक असते, पण 'उगाच वाईटपणा कशाला?' म्हणून आपण गप्प बसतो. ऑफिसात खोट्या बिलावर सही करताना म्हणतो, 'साहेबांनी सांगितले, माझे काय?' हीच ती दुभाष्याची पळवाट. बोललो तर जीव जात नाही. फार तर मैत्री तुटते, बढती हुकते. तेवढीही किंमत आपल्याला जड वाटते, हे प्रामाणिकपणे कबूल करू या.

आणखी एक. त्या सव्वीस जणांत बहुतेक जपानीच होते. त्यांच्यापैकी संत पॉल मिकी यांनी क्रूसावरून मारणाऱ्यांना क्षमा केली. म्हणून साक्ष देताना शेजाऱ्याविषयी कटुता नको. सत्य बोलावे, पण प्रेमाने.

या आठवड्यात एकदा तरी, जिथे गप्प बसणे सोयीचे आहे तिथे, आपण तोंड उघडू या.

संत गोन्सालो गार्सिया, आम्हांसाठी विनंती करा.