तपासणीचें भय व मंडळीची जीभ

(मननासाठीं : लेवीय, अध्याय १३ व १४)



आपल्या कर्जत-खालापूरच्या मुलखांत भात झोडून झालें, म्हणजे कित्येक घरांस कुलूप लागतें. कोणी पोरांबाळांसह वीटभट्टीवर जातो, कोणी खोपोलीच्या कारखान्यांत, कोणी ट्रकवर, कोणी रोजच्या लोकलनें मुंबईस. पोट नेईल तेथें मनुष्य जातो, ह्यांत दोष नाहीं. परंतु जाणारा असो वा घरीं राहणारा असो, एका रोगाविषयीं सर्वांनीं जाणावें, आणि त्याचें नांव घेण्यास आम्ही पाळक आजवर लाजत आलों. तो रोग एच.आय.व्ही. होय.

पहिल्यानें मी माझा अपराध कबूल करितों. कांहीं वर्षांपूर्वीं एका वाडींतील एक तरुण भाऊ रात्रीं मजकडे आला. तपासणींत त्याच्या रक्तांत हा विषाणू सांपडला होता. तो म्हणाला, "पाळकसाहेब, बायकोलाही अजून सांगितलें नाहीं. माझ्यासाठीं प्रार्थना करा." मीं प्रार्थना केली, परंतु कोठें? बुधवारच्या प्रार्थनासभेंत, सर्वांदेखत, त्याचें व रोगाचें नांव घेऊन! मला वाटलें, हें मीं प्रीतीनें केलें. पुढच्या रविवारीं त्याच्या चटईवर त्याच्या शेजारीं कोणी बसलें नाहीं. प्रभुभोजनाच्या वेळीं त्याच्या हातून आलेला प्याला एका पंचानें रुमालानें पुसला. त्यानंतर तो उपासनेस आला नाहीं. औषध फुकट मिळत असतांही लोक पाहतील म्हणून तो रुग्णालयास गेला नाहीं, व दुसऱ्या पावसाळ्यांत वारला. त्याची पत्नी म्हणाली, "त्यांस रोगानें मारिलें नाहीं, लोकांच्या तोंडानें मारिलें. मला माझी तपासणी करावयाची नाहीं." बंधूंनो, त्या तोंडांत पहिलें तोंड माझें होतें.

आतां लेवीय ग्रंथांतील याजकाचें काम पाहा. कोणाच्या अंगावर डाग दिसला, तर शंका असतां याजक एका नजरेंत निवाडा करीत नसे. तो त्यास सात दिवस वेगळें ठेवी, मग पुनः पाही. तरीही शंका राहिली, तर आणखी सात दिवस थांबे. अंदाजानें कोणास रोगी ठरवूं नये, हा त्यांतील धडा आहे. आजची तपासणीही अशीच सावध आहे. पहिल्या तपासणींत खूण दिसली, तरी तेवढ्यावर निकाल देत नाहींत. निरनिराळ्या तीन तपासण्या जुळल्या, तरच विषाणू आहे असें ठरवितात. शिवाय विषाणू अंगांत शिरल्यावर तपासणींत दिसण्यास कांहीं आठवडे, कधीं तीन महिनेही लागतात. म्हणून धोका नुकताच घडला असेल, तर पुनः तपासून घ्यावें लागतें. चेहरा पाहून हा रोग ओळखतां येत नाहीं. धडधाकट मनुष्याच्या अंगांतही तो वर्षानुवर्षें मुकाट्यानें राहतो. आणि एका चटईवर बसल्यानें, एका ताटांत जेवल्यानें किंवा एका प्याल्यांतून प्याल्यानें तो लागत नाहीं. असुरक्षित शरीरसंबंध, दूषित रक्त, दूषित सुई, आणि आईपासून बाळ, हे त्याचे मार्ग आहेत.

परंतु जुन्या नियमाचा शेवट कठीण होता : रोगी ठरलेला मनुष्य छावणीच्या बाहेर! आपल्या काळींही असें घडलें आहे. गोव्यांत डॉमिनिक डिसोझा नांवाचा तरुण नेहमीं रक्तदान करीत असे. १९८९ सालीं त्याच्या रक्तांत हा विषाणू सांपडला, तेव्हां तेथील कायद्याप्रमाणें त्यास पोलिसांकरवीं नेऊन एका जुन्या क्षयरोग रुग्णालयांत ६४ दिवस कोंडून ठेविलें. त्याची आई लूसी हिनें मुंबई उच्च न्यायालयांत दाद मागितली. तो सुटला, परंतु तो कायदा न्यायालयानें योग्यच ठरविला. पुढें आपल्यासारख्या रोग्यांसाठीं त्यानें एक संस्था उभी केली, व १९९२ सालीं तो वारला. दुसऱ्याचा जीव वाचावा म्हणून जो आपलें रक्त देई, त्यासच लोकांनीं बाहेर घातलें! असा निकाल वाट्यास येणार असेल, तर आपण होऊन तपासणीस कोण जाईल?

देवाची स्तुति असो कीं आतां तसें राहिलें नाहीं. २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलांत आला आहे. त्याप्रमाणें संमतीवांचून तपासणी करतां येत नाहीं, निकाल गुप्त राहतो, आणि रोग्यास नोकरींतून, शाळेंतून किंवा रुग्णालयांतून ह्या कारणानें हांकलतां येत नाहीं. सरकारी तपासणी फुकट आहे. औषधही २००४ सालापासून फुकट मिळूं लागलें, व २०१७ पासून निदान होतांच प्रत्येकास सुरू करितात. जो नेमानें रोज गोळी घेतो, त्याच्या रक्तांतील विषाणू इतका दबतो कीं तपासणींतही सांपडत नाहीं; आणि तो तसाच दबून राहिला, तर जोडीदारास लागतही नाहीं. औषध न घेणाऱ्या मातांच्या १०० बाळांपैकीं १५ ते ४५ बाळांस हा रोग लागतो. आईस व बाळास वेळेवर औषध मिळालें, तर पांचांहूनही कमी बाळांस. म्हणून गरोदर भगिनींनीं तर ही तपासणी चुकवूंच नये. कोणास आधीं गुपचूप विचारावयाचें असेल, तर १०९७ ह्या क्रमांकावर फुकट विचारतां येतें.

मग आतां उणें काय राहिलें? कायदा झाला, औषध आलें. आमची जीभ मात्र तीच राहिली. उपदेशक बंधूंनो, कोणी आपलें दुःख तुमच्या कानांत घातलें, तर तें कानांतच राहूं द्या. प्रार्थनेच्या नांवाखालीं केलेली चहाडीही चहाडीच होय. चौदाव्या अध्यायांत असें आहे कीं बरा झालेल्या मनुष्यास पाहावयास याजक स्वतः छावणीच्या बाहेर जाई. आपला प्रभु त्याहून पुढें गेला. कुष्ठरोगी बरा होण्यापूर्वींच त्यानें त्यास हात लाविला. म्हणून "तूं जा" असें सांगूं नका. "चल, मी येतों" असें म्हणा.

ती विधवा भगिनी दोन वर्षांनीं तपासणीस तयार झाली. माझी पत्नी तिच्याबरोबर कर्जतला गेली व बाहेरच्या बाकावर बसून राहिली. निकाल काय निघाला, हें वाचकांनीं मला विचारूं नये. एवढेंच सांगतों कीं पुढच्या रविवारीं ती उपासनेस आली, आणि माझी पत्नी तिच्याच चटईवर, तिला लागून बसली.

तुमच्या मंडळींत अशी चटई कोणती, व तिच्यावर कोण जाऊन बसेल? प्रभु आपणांस मिटलेलें तोंड व चालणारे पाय देवो. आमेन.