ऐकवणारे

परभणी जिल्ह्यात गाणे माणसापर्यंत पोचते ते बहुतेक वेळा दुसऱ्या श्रोत्याच्या हातून. तिकीट काढून जाण्याजोग्या मैफली इथे तुरळक, केवळ संगीतासाठी बांधलेली सभागृहे त्याहून तुरळक. पुण्याच्या रसिकाची पारख तो कोणत्या महोत्सवाला हजेरी लावतो यावरून होते. सेलू, मानवत, पालम किंवा सोनपेठच्या रसिकाची पारख तो इतरांना काय ऐकवतो यावरून होते. एखादा कीर्तनकार, कव्वाल किंवा शाहीर गावात नाव कमावतो, तेव्हा त्याला आधी कुठेतरी ऐकून आलेला आणि 'एकदा आणाच' म्हणून गावाच्या मागे लागलेला कुणीतरी असतो. कलावंतांची चरित्रे लिहिली जातात. या ऐकवणाऱ्यांची नोंद मात्र कुठेच नसते, आणि मराठवाड्याच्या सांगीतिक इतिहासातली ही मोठी उणीव आहे.

या साखळीतला सर्वांत जुना दुवा बायकांचा आहे. जात्यावरची ओवी लग्न होऊन गेलेल्या मुलीबरोबर माहेरहून सासरी गेली. सासरच्या जात्यावर ती जावेने उचलली, तिथून नणंदेबरोबर तिसऱ्या गावी पोचली. दिलेल्या लेकींच्या गावांचा नकाशा काढला तर ओव्यांच्या प्रवासाचाही नकाशा निघेल. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रभरातून जमवलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. त्या संग्रहात पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसच्या आवाजाचीही नोंद आहे. जात्याशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले त्या संत जनाबाई याच जिल्ह्यातल्या, गोदाकाठच्या गंगाखेडच्या. पिठाच्या गिरण्या आल्या तशी जाती कोपऱ्यात गेली आणि ओवीची ही वाट बंद झाली. हळदीच्या किंवा बारशाच्या दिवशी म्हाताऱ्या बायका अजून दोन-चार ओव्या काढतात, एवढेच.

पुरुषांकडे हेच काम भजनी मंडळाने केले आणि त्याचे मोठे व्यासपीठ म्हणजे अखंड हरिनाम सप्ताह. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचे पारायण, दुपारी गाथा भजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि शेवटी काला, असा सात-आठ दिवसांचा क्रम गावोगाव ठरलेला असतो. बाहेरच्याला हा केवळ धर्मसोहळा वाटतो. प्रत्यक्षात सप्ताह हा जिल्ह्यातला सर्वांत मोठा आणि सर्वांत नियमित संगीतमहोत्सव आहे. गायनाचार्य कोण, मृदंगाला कोण, चोपदार कोण, हे सगळे पत्रिकेवर छापलेले असते आणि जाणता माणूस पत्रिका हातात आली की कीर्तनकाराच्या नावाआधी मृदंगाचार्याचे नाव शोधतो. चांगल्या मृदंगासाठी शेजारच्या तीन-चार गावांतून मोटारसायकली येतात.

कीर्तनकार ठरवण्याची बैठक तर पाहण्यासारखी असते. मारुतीच्या पारावर वर्गणीचा हिशेब लागतो आणि मग नावे पुढे येतात. एकाने पंढरपूरच्या वारीत कुणाला तरी ऐकलेले असते, दुसऱ्याच्या मेहुण्याच्या गावी गेल्या वर्षी कुणी तरी रंग भरलेला असतो. नाव सुचवणाऱ्याला उलटतपासणीला तोंड द्यावे लागते: आवाज कसा आहे, अभंग सोडून भलतीकडे जातात का, चाली कशा आहेत, बिदागी किती, तारीख मिळेल का? नावाजलेल्या कीर्तनकाराची तारीख वर्ष-वर्ष आधी धरावी लागते, त्यामुळे चुकीची शिफारस लगेच दुरुस्त होत नाही. कीर्तन रंगले नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलात 'कुणी सुचवलं होतं हो?' हा प्रश्न येतोच. रंगले तर पुढच्या वर्षी त्याच माणसाला आधी विचारले जाते. शिफारशीला अशी किंमत मोजावी लागत असल्यामुळे ती तोलूनमापून केली जाते, आणि गावाची आवड घडते ती या तोलण्यामापण्यातून. सिनेमाच्या चालीवर अभंग बसवणाऱ्यांबद्दल जुन्या टाळकऱ्यांची कुरकुर याच बैठकांत ऐकू येते. ती नेहमीच बरोबर असते असे नाही. आज परंपरेच्या म्हणून गायल्या जाणाऱ्या काही चाली नाटकातल्या पदांच्या वळणावर गेलेल्या आहेत, हे कुरकुर करणारे सोयीने विसरतात.

गोंधळाचे गणित वेगळे. तो घरच्या कार्यासाठी घातला जातो, यजमान गोंधळी ठरवतो आणि पाहुणे फुकटात ऐकून जातात. संबळाच्या ठेक्यावर रात्रभर चाललेले आख्यान आवडले की पाहुणा आपल्या घरच्या कार्याचा गोंधळ त्याच गोंधळ्याला सांगून टाकतो. परभणीचे राजारामबापू कदम यांचे नाव अंगणातून असेच वाढत गेले आणि पुढे लोककलेच्या अभ्यासकांनी ते मराठवाड्याबाहेर नेले.

१९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. विसाव्या शतकाच्या आरंभी हैदराबादहून मनमाडकडे जाणारा लोहमार्ग परभणीवरून गेला. त्यामुळे इथल्या कानाला उर्दूची आणि कव्वालीची सवय पिढीजात आहे. परभणीत हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस फेब्रुवारीत भरतो. कव्वालीच्या मुकाबल्याला बसणाऱ्या श्रोत्यांत हिंदू-मुसलमान दोन्ही असतात. इथे श्रोता नुसता ऐकत नाही: आवडलेल्या शेरावर उठून नजराणा देतो, फर्माईश करतो आणि शेजारच्या अनोळखी माणसाला शेराचा अर्थ समजावून सांगतो. मुकाबला कुणी जिंकला यावरचा वाद पुढच्या उरुसापर्यंत टिकतो.

भीमगीतांचा प्रसार तर जवळजवळ पूर्णपणे श्रोत्यांनीच केला. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) गावोगाव फिरून गात राहिले. ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपन्यांचे लक्ष तिकडे वळण्याआधीच त्यांची गाणी शाळेच्या वह्यांत उतरवून घेतली गेली होती. वही एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत जाई, नक्कल करून परत येई; चाल मात्र कुणाकडून तरी कानानेच घ्यावी लागे. त्यात शब्द बदलत, कडवी वाढत, कधी कवीचे नावही गळत असे. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज विठ्ठलाच्या गाण्यांत आणि भीमगीतांत सारख्याच ताकदीने ऐकू आला, त्यामुळे एरवी वेगवेगळी गाणी ऐकणाऱ्या दोन वस्त्यांचा एक गायक समान झाला.

रेडिओ आला आणि ऐकवणाऱ्याला प्रथमच आपले नाव जाहीरपणे ऐकायला मिळाले. माहिती व प्रसारण मंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते हद्दपार झाली आणि १९५२ पासून देशभरचे श्रोते रेडिओ सिलोनच्या बिनाका गीतमालेकडे वळले. केसकर स्वतः मराठी. शास्त्रीय संगीत घराघरात जावे ही त्यांची तळमळ खरी होती. पण लोकांची आवड हुकमाने बदलत नाही, हे त्यांना पाच वर्षांत उमगले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली ती त्यातूनच. परभणीला आकाशवाणीचे केंद्र साठच्या दशकाच्या अखेरीस आले, औरंगाबादच्या केंद्राच्याही आधी. १३०५ किलोहर्ट्झवर स्थानिक बोली, स्थानिक भजनी मंडळे आणि शेतीचा सल्ला एकाच संचातून ऐकू येऊ लागला.

फर्माइशीचे पोस्टकार्ड हा त्या काळातला खास लेखनप्रकार म्हणावा लागेल. वर गाण्याचे बोल, चित्रपट, गायक, संगीतकार. खाली नावांची रांग. आधी पाठवणारा, मग बायको, मुले, भाऊ, मित्र, आणि शेवटी 'समस्त मित्रमंडळ' व गावाचे नाव. गावोगाव श्रोता संघ निघाले, त्यांनी रबरी शिक्के करून घेतले. पट्टीचे श्रोते एकाच गाण्यासाठी वेगवेगळ्या नावांनी कार्डे टाकत. निवेदक नावे वाचू लागला की घरात सगळे चूप होत, कारण ते गाणे दहा वेळा ऐकलेले असले तरी नाव एकदाच येणार असे. यात हौस होती, मिरवणेही होते. पण एक काम त्याहून महत्त्वाचे झाले. जिंतूरच्या श्रोत्याला कळले की आपल्याला आवडणारे जुने, कुणी न मागणारे गाणे पाथरीतल्या एका माणसालाही हवे आहे. दोघांची ओळख कधी झाली नसेल, पण आपल्यासारखे कान असलेला दुसरा कुणी आहे हे दोघांना ठाऊक झाले.

ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि बसस्थानकाजवळच्या रेकॉर्डिंग सेंटरांचा जमाना आला. गिऱ्हाइकाने यादी द्यायची, दुकानदाराने कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून द्यायची. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासाची, म्हणजे सहा-सात गाणी. सातवे गाणे अंतऱ्यात तुटू नये म्हणून दुकानदार गाण्यांचा क्रम बदलायचा आणि जागा उरली तर स्वतःच्या पसंतीचे एखादे गाणे शेवटी टाकून द्यायचा. अनेकांना पहिली गझल अशी, न मागता मिळाली. धंदा कायद्याच्या चौकटीत बसत नव्हता, कलावंताला त्यातून एक पैसाही मिळत नव्हता, हे खरेच. तरी दुकानदाराला गिऱ्हाइकाची नस माहीत असे आणि त्याची भर सहसा वाया जात नसे.

पुढे तेच दुकान मोबाइलचे झाले आणि कॅसेटच्या जागी मेमरी कार्ड आले. वीस-तीस रुपयांत शेकडो गाणी एकदम भरून मिळू लागली. यादी कुणी देईना, तोलूनमापून देण्याचे कारणच उरले नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला आणि कार्डही मागे पडले. आता यूट्यूब पुढचे गाणे स्वतःच लावते. त्याची निवड पुष्कळदा अचूक असते, हे मान्य केले पाहिजे. गंगाखेडच्या एखाद्या तरुणाला घरबसल्या किशोरी आमोणकर सापडते, जी त्याच्या गावातल्या कुणीही त्याला ऐकवली नसती. पण ही निवड चुकली तर जाब विचारायला समोर कुणी नसते आणि जुळली तर जोडीने ऐकायलाही कुणी नसते. व्हॉट्सॲपच्या गटांत रोज ढीगभर गाणी येऊन पडतात; ती न ऐकताच पुढे ढकलली जातात, म्हणून त्यांना शिफारस म्हणणे अवघड आहे.

सप्ताहाच्या बैठकीत मात्र फोन हातोहात फिरू लागला आहे. दोन मिनिटांची चित्रफीत दाखवून नाव सुचवले जाते. त्या चित्रफितीत बहुधा एखादा विनोद किंवा टोमणा असतो. अभंगाचे निरूपण, चाल आणि मृदंगाशी जमलेला मेळ त्यात मावत नाही. दोन तासांच्या कीर्तनाचा अंदाज त्यावरून बांधणाऱ्या गावांची फसगत होते. म्हणून जाणती मंडळी बिदागी ठरवण्याआधी, जवळपासच्या गावात त्या कीर्तनकाराची तारीख केव्हा आहे ते विचारतात आणि दोघा-तिघांना तिथे ऐकायला पाठवतात.