गिरणगाव बिघडलं कधी?

घर भाड्याने घ्यायचं असो की मुलीसाठी स्थळ पाहायचं असो, पत्ता कळला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘एरिया कसा आहे?’ उत्तरंही बहुधा दोनच. एक तर ‘चांगला आहे’, नाहीतर ‘आता पूर्वीसारखा राहिला नाही’. मुंबईच्या लालबाग, परळ, करी रोड या पट्ट्याबद्दल मात्र ही दोन्ही उत्तरं एकाच वेळी आणि सारख्याच ठामपणे दिली जातात. चाळीत आयुष्य काढलेली पिढी म्हणते, इथली दारं दिवसभर उघडी असायची, आता शेजारी कोण राहतं तेही कळत नाही, गिरणगाव संपलं. टॉवरमध्ये घर घेतलेला म्हणतो, एके काळी इथले नाके टोळ्यांच्या नावाने ओळखले जायचे, आज मॉल आहेत, कचेऱ्या आहेत, फाटकावर पहारा आहे, गिरणगाव सुधारलं. हा वाद सुटत नाही, कारण दोन्ही बाजू एकच गोष्ट मोजतात: आजूबाजूला कोणती माणसं दिसतात. तिथे राहणाऱ्याचा जीव किती सुरक्षित आहे, हे त्यावरून फारसं कळत नाही. मोडलेली गोष्ट कोण दुरुस्त करतं, किती दिवसांत आणि कोणाच्या पैशाने, हे विचारलं तर कितीतरी जास्त कळतं.

टोळ्यांची गोष्ट खोटी नव्हती, हे आधी मान्य करायला हवं. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, नुसता विरत गेला. घरातला कमावता माणूस घरी बसला, बायकांनी पोळ्याभाजीची कामं धरली, आणि नाक्यावर उभ्या राहणाऱ्या पोरांना टोळ्यांनी रोजगार दिला. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकातलं घर याच काळातलं आहे. खंडण्या होत्या, चकमकी होत्या. १९९४ मध्ये सुनीत खटाव या गिरणीमालकाचा महालक्ष्मीजवळ भर रस्त्यात खून झाला, १९९७ मध्ये खुद्द सामंतांना पवईत गोळ्या घालण्यात आल्या. त्या वर्षांत ‘लालबागला राहतो’ म्हटल्यावर समोरच्याच्या कपाळावर आठी आली असेल, तर ती उगाच नव्हती.

पण त्या हिंसेचा माग काढत गेलं की आपण जमिनीपाशी येऊन थांबतो. सूत विकून मिळेल त्याच्या कितीतरी पट पैसा गिरणीखालच्या जमिनीत आहे, हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने या जमिनीची ढोबळ वाटणी तीन भागांत केली: एक वाटा महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी संपूर्ण जमिनीऐवजी फक्त रिकाम्या असलेल्या तुकड्यापुरती उरली, आणि बहुतेक गिरण्यांच्या आवारात बांधकामच इतकं होतं की वाटायला फारसं काही राहिलं नाही. प्रकरण न्यायालयांत गेलं. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली. मैदानं, रुंद पदपथ, स्टेशनाबाहेरची मोकळी जागा, परवडणारी घरं यांच्यासाठी जी जमीन मिळू शकली असती तिचा बराचसा भाग त्या एका दुरुस्तीने हातचा गेला. कुठल्याही टोळीने या वस्तीचं केलं नसेल एवढं नुकसान कागदावर झालं, आणि तेव्हा ‘एरिया बिघडला’ असं कोणी म्हटलं नाही. उलट वस्ती सुधारू लागली ती तेव्हापासूनच, असं सांगितलं जातं.

त्या सुधारणेचा हिशेब २०१७ च्या पावसाळ्यापासून पुढच्या चार महिन्यांत समोर आला. २९ ऑगस्टला मुंबई तुंबली. पाणी ओसरावं म्हणून उघडलेल्या एका मॅनहोलमध्ये एल्फिन्स्टन रोड परिसरात एक नामवंत डॉक्टर पडले. त्यांचा मृतदेह दोन दिवसांनी वरळीच्या किनाऱ्याला मिळाला. त्याच ३१ ऑगस्टला भेंडी बाजारातली हुसैनी इमारत कोसळून ३३ माणसं गेली. २९ सप्टेंबरला सकाळी कचेरीच्या वेळेला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण मेले. २९ डिसेंबरच्या मध्यरात्री कमला मिल आवारातल्या गच्चीवरच्या पबना आग लागून १४ जण गेले; छताचं साहित्य भराभर पेटलं आणि बाहेर पडायच्या वाटा अडल्या. सहा-सात किलोमीटरच्या पट्ट्यात एकाहत्तर माणसं, आणि यातल्या एकाही मृत्यूमागे सुरा किंवा पिस्तूल नाही.

यातला पुलाचा अपघात नीट पाहण्यासारखा आहे. गिरणी कामगार कामावर चालत जात असे. खोली गिरणीच्या भोंग्याच्या टप्प्यात, म्हणून तर चाळी गिरण्यांना चिकटून उभ्या राहिल्या. गिरण्यांच्या जागी कचेऱ्या आल्या तेव्हा काम करणारा माणूस बदलला. तो आता विरार, कल्याण, पनवेलहून लोकलने येऊ लागला. परळ आणि तेव्हाचं एल्फिन्स्टन रोड ही मध्य आणि पश्चिम रेल्वेवरची दोन शेजारची स्टेशनं. त्यांना जोडणारा जिना मात्र जुन्या गर्दीच्या मापाचा राहिला. रुंद पुलाची मागणी होत होती, मंजुरीही झाली होती, पूल झाला नव्हता. त्या सकाळी अचानक सर आली, उतरलेली माणसं भिजू नये म्हणून जिन्यावर थांबली, मागून गाड्या रिकाम्या होतच राहिल्या. टॉवरना परवानगी देताना चटईक्षेत्राचा इंच न् इंच मोजणाऱ्या यंत्रणेला जिन्याची रुंदी मोजावीशी वाटली नाही. अपघातानंतर नवा पूल लष्कराच्या जवानांनी काही महिन्यांत उभा केला. म्हणजे तो तांत्रिकदृष्ट्या अवघड होता, असंही म्हणता येत नाही.

मुंबईत वर्षाला होणारे खून अलीकडच्या वर्षांत शे-दोनशेच्या घरात आहेत. उपनगरी रेल्वेच्या मार्गांवर रूळ ओलांडताना, गाडीतून पडून किंवा अन्य कारणांनी वर्षाला अडीच हजारांच्या आसपास माणसं मरतात. तरीही ‘कळवा-मुंब्रा पट्टा धोकादायक’ म्हणताना बोलणाऱ्याच्या मनात गर्दीची लोकल नसते, तिथली वस्ती असते. भीतीला चेहरा लागतो. दारूच्या दुकानासमोर घोळका करून उभे असलेले तरुण दिसतात. सज्ज्याची गंजलेली सळई रोज डोक्यावर असूनही दिसत नाही.

चेहरा कोणाचा, यावर भीतीचं माप बदलतं याला पुरावा आहे. १९८२ मध्येच, म्हणजे आपल्याकडे संप सुरू झाला त्या वर्षी, जेम्स विल्सन आणि जॉर्ज केलिंग यांनी अमेरिकेत एक सिद्धान्त मांडला: फुटकी खिडकी तशीच राहिली की इथे कोणाचं लक्ष नाही असा निरोप जातो, आणि त्यामागून गुन्हे येतात. जगभरच्या पोलिसांनी तो उचलला. पुढे रॉबर्ट सॅम्पसन आणि स्टीफन राउडनबुश यांनी शिकागोच्या रस्त्यांचं प्रत्यक्ष चित्रण करून अस्वच्छता आणि मोडतोड मोजली आणि रहिवाशांना काय वाटतं ते त्याशेजारी ठेवलं. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की वस्तीत काळ्या आणि गरीब लोकांचं प्रमाण जास्त असेल तर प्रत्यक्षात असलेल्यापेक्षा अधिक बेशिस्त लोकांना ‘दिसते’. आणि त्याच्या कितीतरी आधी, १९६१ मध्ये, जेन जेकब्ज यांनी बॉस्टनच्या नॉर्थ एंड भागाबद्दल लिहिलं होतं. नगररचनाकार आणि बँका त्याला झोपडपट्टीसमान, सपाट करण्याच्या लायकीचा भाग मानत होत्या. गुन्हेगारी, रोगराई, बालमृत्यू यांचे आकडे मात्र शहरात सर्वांत चांगल्या भागांपैकी होते. आपल्याकडे रंगाची जागा धर्म, जात, भाषा घेतात. ‘बाहेरचे लोक वाढलेत’ हे वाक्य गुन्ह्याची बातमी असल्यासारखं सांगितलं जातं. चाळीत एका खोलीत पाळीपाळीने झोपणारा रत्नागिरीचा किंवा साताऱ्याचा कामगार हाही शंभर वर्षांपूर्वी इथे बाहेरचाच होता, याची आठवण ठेवायची कोणाला गरज वाटत नाही.

इथे एक रास्त आक्षेप येतो: भीती आकडेवारीने जात नाही. रात्री साडेनऊला स्टेशनवरून घरी चालत येणाऱ्या मुलीला रेल्वे अपघातांचा तक्ता दाखवून काय उपयोग? खरं आहे, आणि तिच्या भीतीला ‘कल्पित’ म्हणणं हा उद्धटपणा होईल. पण त्या भीतीवर दिला जाणारा इलाज बघा. नाका साफ करा, फेरीवाले हटवा, फाटक बसवा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं सांगतात की बलात्काराच्या नोंदलेल्या प्रकरणांत नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी पीडितेच्या ओळखीतले असतात. तो धोका फाटकाच्या आत आहे. उरला रस्त्यावरचा धोका. त्याच्यावर फेरीवाला हटवणं हा उपाय आहे की त्याचं कारण, हे लालबागला चालून बघितलं तर कळतं. मसाल्याच्या गल्लीत उन्हाळ्यात मिरची, धणे, खोबरं घेऊन बायका रांगेत बसलेल्या असतात. भाजणं, कांडणं, पुन्हा घरी नेणं यात दिवस जातो आणि गल्लीत सतत दोन-चार डोळे असतात. चिवड्याची दुकानं दिवे लागल्यावरही उघडी असतात. त्याच रस्त्याने पुढे नवा टॉवर लागला की पाच-सहा मजले फक्त गाड्या ठेवायचं पोडियम. रस्त्याकडे एक खिडकी नाही, एक दुकान नाही, फाटकावर आत येणाऱ्याचं नाव लिहून घेणारा पहारेकरी. पदपथावर चालणाऱ्या मुलीला त्या भिंतीचा काडीचा उपयोग नाही. वस्तीतली सुरक्षितता आत ओढून घेतली की ती बाहेर तेवढीच कमी होते, हा व्यवहार विकासकाच्या माहितीपत्रकात ‘सुरक्षा’ या शीर्षकाखाली छापलेला असतो.

म्हणून चाळ स्वर्ग होती असं मात्र नाही. जुन्या चाळीच्या आठवणी लिहिणारे आपण लोक याबाबतीत भारी सोयीस्कर विसराळू असतो. गॅलरीतले डोळे चोरावर होते तसे घरच्या मुलीवरही होते. ती कोणाशी बोलली ते संध्याकाळपर्यंत तळमजल्याला पोचायचं. चाळी जातीने आणि गावकीने वाटलेल्या होत्या. १९७४ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींत दलितांविरुद्ध दंगल झाली, १९९२-९३ च्या दंगलींत याच मध्य मुंबईत शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांची घरं ओळखून दाखवली. एकमेकांना ओळखणं म्हणजे एकमेकांना सांभाळणं नव्हे. सॅम्पसन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये शिकागोच्या ३४३ वस्त्यांच्या अभ्यासातून जे दाखवलं तेही हेच सुचवतं: हिंसा कमी असण्याचा संबंध होता तो शेजाऱ्यांमधला विश्वास आणि वेळ पडली तर मध्ये पडायची तयारी या दोन्हींशी, आणि ही तयारी राहत्या घराचं स्थैर्य असेल तिथे जास्त टिकते. उद्या खोली राहील की नाही याची खात्री नसलेला माणूस शेजाऱ्याच्या भांडणात पडत नाही आणि जिन्याचा दिवाही बदलत नाही.

या स्थैर्याचं आपण काय केलं? १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या मुंबईतली भाडी जवळपास १९४० च्या पातळीवर गोठवली. भाडेकरूला छप्पर मिळालं, मालकाला दुरुस्ती परवडेनाशी झाली किंवा त्याने तसं सांगायला सुरुवात केली. मग १९६९ च्या कायद्याने उपकर घेऊन दुरुस्तीची जबाबदारी सरकारी मंडळाकडे गेली. सुमारे एकोणीस हजार इमारती त्या यादीत होत्या. मालक म्हणतो मंडळाने करावी, मंडळ म्हणतं निधी नाही, रहिवासी म्हणतो पागडी भरली आहे, आता पुनर्विकासच होऊ दे. दरवर्षी पावसाळ्याआधी अतिधोकादायक इमारतींची यादी निघते, नोटीस लागते, टेकू लावले जातात आणि माणसं तिथेच राहतात. कारण संक्रमण शिबिरात एकदा गेलेला परत कधी येतो, हे ज्याने त्याने शेजारच्या इमारतीत पाहिलेलं असतं. बाहेरून पाहणाऱ्याला ही माणसं बेफिकीर वाटतात. ती हिशेबी आहेत: कोसळण्याची शक्यता एकीकडे आणि मुंबईतली जागा कायमची जाण्याची शक्यता दुसरीकडे.

मग पुनर्विकास हेच उत्तर, असं म्हणणाऱ्यांची बाजू हलकी नाही. बीडीडीच्या २०७ चाळी शंभरीला पोचलेल्या, १६० चौरस फुटांच्या खोल्या, सामाईक संडास. तिथल्या माणसाला ५०० चौरस फुटांचं मालकीचं घर मिळत असेल तर गॅलरीच्या आठवणी काढत त्याला अडवायचा अधिकार कोणाला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत ५५६ घरांच्या पहिल्या चाव्या दिल्या गेल्या. त्या दिवशी तिथे पेढे वाटले गेले असतील तर ते योग्यच होतं. पण उंच इमारत ही दुरुस्तीच्या प्रश्नाचं उत्तर नसून तोच प्रश्न जास्त खर्चिक करून विचारणं आहे. चाळीतला मोडका जिना चढता येतो. बंद पडलेली लिफ्ट विसाव्या मजल्यावरच्या म्हातारीला घरात कोंडते. ऑक्टोबर २०२१ मध्ये करी रोडच्या साठ मजली आलिशान टॉवरला आग लागली तेव्हा एकोणिसाव्या मजल्याच्या सज्ज्याला लोंबकळून सुटू पाहणारा एक सुरक्षारक्षक खाली पडून मेला. पुनर्विकसित इमारतीत जाणाऱ्या कुटुंबाला पंप, लिफ्ट, अग्निशमन यंत्रणा, सामाईक वीज यांचं महिन्याचं बिल येणार आहे. काल त्याचं भाडं नावापुरतं होतं. ते बिल थकलं की पहिल्यांदा काय बंद पडतं, हे म्हाडाच्या आणि झोपडपट्टी पुनर्वसन योजनेच्या अनेक इमारतींत दिसतं: एक लिफ्ट चालू, एक कायमची बंद, आगीच्या नळ्यांच्या पेटीत झाडू.

त्यामुळे लालबाग-परळ सुधारलं की बिघडलं, यावर मत द्यायचं झालं तर नाक्यावर उभ्या असलेल्यांची मोजणी करून काही हाती लागणार नाही. वॉर्डात गेल्या वर्षी किती इमारतींचं संरचनात्मक परीक्षण झालं आणि त्यातल्या कितींची दुरुस्ती खरोखर झाली, किती मॅनहोलना आत जाळी बसली, किती उंच इमारतींतली अग्निशमन यंत्रणा तपासणीच्या दिवशी चालू सापडली, स्टेशनच्या जिन्यावर गर्दीच्या तासाला किती माणसं उतरतात, हे विचारावं लागेल. तीस वर्षांहून जुन्या इमारतीचं परीक्षण करून घेणं कायद्याने बंधनकारकच आहे. घरांच्या जाहिरातींत चौरस फुटांचा दर, शाळेचं अंतर, समुद्र दिसतो का, एवढं सगळं असतं. त्या परीक्षणाचा अहवाल इमारतीच्या दर्शनी भिंतीवर, नोंदणीच्या पाटीशेजारी लावायला काय हरकत आहे, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: भाव पडतील.