इठ्ठल म्हणा, विठ्ठल म्हणा

आज निरूपणाला नामच घेऊ. परंतु नामाचा महिमा सांगण्याआधी माझ्या हातून नामाचा जो एक अपराध घडला, तो सांगितला पाहिजे.

गोष्ट चाळीस वर्षांमागची. नंदुरबार जिल्हा झाला १९९८ साली. तेव्हा आपला मुलूख धुळे जिल्ह्यातच मोडत होता. शहादे तालुक्यात तापीकाठच्या एका गावी सप्ताह होता. मी नुकताच पाठशाळेतून कौमुदी घोकून बाहेर पडलेला. कीर्तनाला मजुरी करणाऱ्या भिल्ल बाया येऊन मागे बसत. त्यांतली एक म्हातारी गजर सुरू झाला की डोळे मिटून सर्वांच्या वरताण "इठ्ठल, इठ्ठल" म्हणे. तिसऱ्या रात्री मला राहवेना. टाळ थांबवून म्हणालो, "आजी, इठ्ठल नव्हे, विठ्ठल. देवाचे नाव नीट घ्यावं." वर महाभाष्यातला दाखला दिला, की असुरांनी 'हे अरयः' म्हणावयाचे सोडून 'हेलयः' म्हटले आणि त्यांचा पराभव झाला. मंडळी हसली. म्हातारी हसली नाही. गजर पुन्हा सुरू झाला, पण तिचे ओठ मिटलेलेच राहिले. काल्याला ती आलीच नाही.

आता माझे शहाणपण कसे ते पाहा. त्याच रात्री, त्याच तोंडाने मी विठ्ठल शब्दाची शास्त्रीमंडळींत चालत आलेली फोड सांगितली होती. 'विद्' म्हणजे ज्ञान. 'ठ' म्हणजे शून्य. अक्षरही कसे, शून्यासारखे वाटोळे! आणि 'ला' धातूचा अर्थ घेणे. ज्ञानाच्या नावाने जे शून्य आहेत, त्यांना जो आपल्यापाशी घेतो तो विठ्ठल. अर्थ सांगितला मी, आणि ज्याला तो घेतो त्यालाच मंडपातून उठवले मी! याला काय म्हणावे?

आपण म्हणाल, बुवा, तरी पण शुद्ध ते शुद्धच. बरे, शुद्धाचेच पाहू. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांसारख्या प्रकांड पंडिताने असे मत मांडले, की संस्कृत 'विष्णु' हा शब्द कानडी मुखात गेला आणि त्याचे 'विट्ठु', 'बिट्टि' असे रूप झाले. बाराव्या शतकातल्या होयसळ राजा विष्णुवर्धनाला कानडी प्रजा बिट्टिदेवच म्हणत असे. हे मत धरले तर काय झाले? मी ज्याला शुद्ध म्हणून उराशी धरले, ते 'विठ्ठल' हेच मुळी कुणा अडाणी मुखाने वळवलेले नाव! कुणी शास्त्री त्या मुखाला आडवा गेला असता, तर आज आपल्याला गजराला नाव उरले असते काय?

आणि हे वळण तिथेच थांबले नाही. कर्नाटकात पुरंदरदासांनी आपल्या पदांची मुद्रा 'पुरंदरविठल' केली. आपल्या शेजारच्या गुजरातेत विठ्ठलदास, विठ्ठलभाई ही नावे घरोघर. १९२५ साली दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळाचे अध्यक्षपद भूषविणारे, सरदारांचे वडील बंधु, ते विठ्ठलभाईच. नामदेवराय तर हे नाव थेट पंजाबात घेऊन गेले. १६०४ साली सिद्ध झालेल्या गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत, आणि तिथे आपला पांडुरंग 'बीठल' झाला आहे. पंजाब्यांनी व चा ब केला. शीख बांधव तो ब मस्तकी धरतात. मग खानदेशच्या मुखाने व गाळला, तर तेवढाच कसा खटकला? खरे सांगू? मला व खटकला नव्हता. मला तिचे लुगडे खटकले होते, मागची बैठक खटकली होती. व्याकरण नुसते निमित्त.

यज्ञात स्वर चुकला तर कर्म बिघडते, हे शास्त्र आहे. ते मी नाकारीत नाही. पण नामाला तो दंडक नाही. भागवताच्या सहाव्या स्कंधातला अजामिळ आठवा. त्याने मरणकाळी देवाला हाक मारलीच नाही. आपल्या धाकट्या लेकाला मारली. लेकाचे नाव होते नारायण, एवढेच. तरी विष्णुदूत धावले. मनात देव नसतानाही ते नाव चालले, तर मनभर देव असलेले एक अक्षर कमी का चालू नये? म्हणूनच मुलांना देवाची नावे ठेवण्याची आपली चाल. घरात पोराला "इठ्या" म्हणून हाक मारली तरी ती कुणाला पोचते, ते आपण जाणता.

पुढल्या वर्षी मी त्याच गावी मुद्दाम गेलो. म्हातारीची मंडळी ऊसतोडीला गुजरातेत गेली होती. तिचे नाव सांगून तपास करावा, तर नाव मला ठाऊक नव्हते. सात दिवस नामावर बोललो, आणि तिला नाव विचारले नव्हते! भेट राहिली ती राहिलीच.

तेव्हापासून एक नेम धरला आहे. गजरात मागून वेगळा सूर, वेगळा उच्चार आला की टाळ थांबवावयाचा नाही. त्या माउलीला पुढे बोलवावयाचे, नाव विचारावयाचे, आणि ती म्हणेल तसे एकदा आपणही म्हणावयाचे. आपणही आपापल्या फडात एवढे करून पाहा.

असो. बोला मंडळी, ज्याच्या मुखाला जसे येईल तसे. इठ्ठल, इठ्ठल!